बागेला कुलूप आणि डबा फुटपाथवर

दुपारी एकच्या सुमारास आमच्या गल्लीतले माग थांबतात. बेळगावात वडगाव-खासबागच्या बाजूला राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, दिवसभर कानात तो खडखडाट असतो आणि तो बंद पडला की घड्याळ न बघताही कळतं, जेवणाची सुट्टी झाली. त्यावेळी पलीकडच्या शेडमधून मागाच्या कांड्यांवर सूत भरणाऱ्या पाच-सहा बायका डबे घेऊन बाहेर येतात, आणि गेल्या महिन्यापर्यंत त्या आमच्या ओपन स्पेसच्या, म्हणजे गल्लीतल्या बागेच्या, कंपाऊंडला पाठ टेकून फुटपाथवर बसायच्या. एप्रिल-मे मध्ये भिंतीची सावली त्यावेळी हातभरसुद्धा नसते, म्हणून पाय पोटाशी ओढून बसायचं, डोक्यावर पदर घ्यायचा आणि दहा मिनिटात भाकरी संपवायची. भिंतीच्या आत चार बाक आहेत, गझेबो आहे, हिरवं लॉन आहे, सगळं गेटच्या ग्रिलमधून स्वच्छ दिसतं. गेटला कुलूप. पाटीवर वेळ लिहिलेली, सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी चार ते आठ.

गेल्या उन्हाळ्यात मी त्यातल्या एका मावशींना विचारलं, की गेट उघडं असलं तर आत बसाल काय. त्या म्हणाल्या, "आत काय हाय ओ? जांभळाच्या बुडात फरशी घातल्यात, बूड भाजतंय तिथं. हितं निदान वारं तरी लागतंय." शेजारच्या अक्का कन्नड बोलणाऱ्या, त्यांनी एवढंच म्हटलं, "नेरळ इल्लरी." सावली नाही. दोन भाषेत एकच तक्रार, आणि ही तक्रार कुठल्याच नकाशावर, कुठल्याच एस्टिमेटमध्ये आलेली नाही.

मला जे म्हणायचं आहे ते याच्यावरूनच म्हणतो. जिथं घर, दुकान, माग, वर्कशॉप, शाळा, क्लास, मंदिर सगळं एकमेकाला चिकटून आहे, ज्याला प्लॅनिंगवाले मिक्स्ड यूज म्हणतात आणि आपण नुसतं गल्ली म्हणतो, तिथली मोकळी जागा कुणासाठी आणि किती वाजता हे आधी ठरवून मगच आखली पाहिजे. आता काय होतं, आधी वस्तूंची यादी तयार होते. पेव्हर म्हणजे फरशीचे सिमेंट ब्लॉक, लॉन, गझेबो, कारंजं, ओपन जिम, एलईडीचे खांब, चारी बाजूला ग्रिल. मग ती यादी त्या जागेत बसवतात. कॉलनी असो, बाजार असो, मागवाल्यांची गल्ली असो, यादी तीच. आणि त्यामुळे जागा बघायची होते, वापरायची राहत नाही.

जागा किती कमी आहे हे एकदा हिशेब करून बघा. केंद्र सरकारच्या नगर नियोजनाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा असावी असं म्हटलंय. दहाच धरू. एखाद्या दाट वस्तीत तीन हजार माणसं असली तर तीस हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ साडेसात एकर जागा लागेल. शहापुरात, वडगावात, अनगोळच्या जुन्या गल्ल्यांत साडेसात एकर कुठून आणणार, आमच्याकडं आहेत बारा गुंठे. तीन हजार माणसात वाटले तर माणशी अर्धा चौरस मीटरही येत नाही, जेवायला पाट मांडला आणि पुढं ताट ठेवलं की संपलं. आता एवढीशी जागा आहे म्हटल्यावर ती दिवसातले सात तासच उघडी ठेवायची, आणि त्यातलंही अर्धं लॉन "गवतावर चालू नये" म्हणून सोडायचं, हे मला कुठल्याच बाजूनं पटत नाही. जागा वाढवता येत नसेल तर तास वाढवा. एकाच तुकड्यावर सकाळी म्हातारी माणसं, दुपारी कामगार, चारनंतर पोरं, संध्याकाळी बायका, रात्री जेवून शतपावली करणारे, असा पाळीपाळीनं वापर झाला तर बारा गुंठ्यांचे साठ गुंठे होतात. मागाच्या पाळ्या लावता येतात तर बागेच्या का नाही.

आणि गल्लीचं वेळापत्रक खरंच तसं आहे, नुसतं बसून बघितलं की दिसतं. माझ्या शेजारची पोरगी आर्किटेक्चर शिकते, तिला कॉलेजात असंच काहीतरी करायचं होतं म्हणून आम्ही दोघं एक मंगळवार आणि एक रविवार सकाळपासून रात्रीपर्यंत आमच्या ओपन स्पेसच्या कोपऱ्यावर, पंक्चरवाल्याच्या दुकानापुढं आळीपाळीनं बसलो. पहाटे फिरणारे येतात ते सगळे बागेतून नाही, बागेबाहेरून फेऱ्या मारतात, कारण आतली फेरी इतकी लहान की गरगरतं. साडेआठला शाळेची पोरं मागच्या बाजूनं ग्रिलची एक सळी वाकवून आत घुसतात आणि तिरकी बाग ओलांडून पुढच्या भिंतीवरून उडी मारतात, कारण तो शाळेचा सरळ रस्ता आहे, आमच्या आधीपासून आहे. अकरा वाजता भाजीवाली टोपली खाली ठेवायला जागा शोधते. एकला डबे. तीनला क्लासची पोरं मोटारसायकलीवर बसून वह्या लिहितात, बसायला दुसरं काही नाही म्हणून. संध्याकाळी गेट उघडलं की लहान पोरं झोपाळ्यावर तुटून पडतात आणि त्यांच्या आया उभ्या राहतात, कारण चारही बाक झोपाळ्यापासून सगळ्यात लांबच्या टोकाला आहेत. का, तर नकाशात ते चार कोपऱ्यात चार असे छान दिसत असतील.

सळी वाकवणाऱ्या पोरांना वॉचमन रागावतो. मला वाटतं त्या पोरांनी जे दाखवलंय तेवढं त्या जागेबद्दल कुणीच दाखवलेलं नाही. पाऊलवाट जिथनं पडते तिथं वाट द्यायची असते. कागदावर वळणावळणाची वाट काढली तरी माणूस, त्यातून दप्तर घेतलेलं पोरगं, सरळच जाणार. तिथं फाटक करा. दोन फाटकं झाली की बाग रस्त्याचा भाग होते, लोक सहज आतून जातात-येतात, आणि येणारी-जाणारी माणसं हाच तिथला पहारा असतो.

पहाऱ्याचा मुद्दा निघाला म्हणून आधी तोच घेतो, कारण कुलपाच्या बाजूनं बोलणारे सगळे हेच म्हणतात, की उघडं ठेवलं की दारू पिणारे बसतात, बाटल्या फोडतात. खोटं नाही ते. आमच्या इथं सकाळी काचा वेचाव्या लागल्यात, मी स्वतः वेचल्यात, पोराच्या पायात घुसलेली काच काढलीय. पण त्या बाटल्या कुलूप असलेल्या दिवसातल्याच होत्या की. कुलूप आपल्यासाठी असतं, ज्याला रात्री भिंतीवरून आत जायचंय त्याच्यासाठी नसतं. उलट पाच फुटाची भिंत असली की आत काय चाललंय ते रस्त्यावरून दिसत नाही आणि बसणाऱ्याला तेच पाहिजे असतं. मिश्र वस्तीचा मोठा फायदा हा की रात्री दहापर्यंत कुणी ना कुणी जागं असतं, मेडिकल उघडं असतं, इस्त्रीवाला असतो, गिरमिट-भज्याचा गाडा असतो, पाळी सुटलेले मागवाले असतात. त्यांची नजर आत पोचू द्या. भिंत पाडून तिथं गुडघ्याएवढा, दीड फुटाचा रुंद कट्टा बांधा, रस्त्याकडूनही बसता येईल आणि आतल्या बाजूनंही बसता येईल असा. त्याच दगड-विटांमध्ये भिंतही झाली आणि पन्नास-साठ माणसांची बैठकही झाली. रात्री दहा ते पहाटे पाच बंद ठेवायचं असेल तर ठेवा, माझं त्याला काही म्हणणं नाही. भर दुपारी कुलूप घालायचं कारण मात्र मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

गाड्यांचंही तसंच. बाग झाली की पहिल्यांदा बाहेरचे गाडे हाकलतात, शोभा जाते म्हणून. भडंगवाला, उसाचा रस, चहा, फुलं विकणारी म्हातारी, हे सगळे सावलीला आणि माणसांना धरूनच उभे असतात. त्यांना एका कडेला फरशीची पट्टी द्या, एक नळ द्या, सांडपाण्याला गटार द्या, कचऱ्याचा डबा द्या आणि त्या बदल्यात तेवढी कड स्वच्छ ठेवायची जबाबदारी द्या. पेव्हर घालायचेच असतील तर ते इथं घाला, बाकी जमीन सोडा. आणि बायकांसाठी एक संडास-बाथरूम, नीट दार लागणारं, पाणी असलेलं. हे लिहायला लोक लाजतात, पण ज्या बाईला तीन तास बाहेर राहायचंय तिला ते नसेल तर ती बागेत अर्ध्या तासाच्या वर थांबत नाही, एवढं साधं आहे.

आता जमिनीकडं येतो. आमच्या ओपन स्पेसमध्ये आधी काय होतं? आज्जी सांगायची, इथनं पुढं शिवारच होतं, हे खळं. ले-आउट पडल्यावर ही जागा सोडली गेली. मी लहान असताना इथं दोन चिंचा, एक जांभूळ आणि एक विहीर होती, बाकी नुसती माती आणि हरळी. आम्ही क्रिकेट खेळायचो, गणपतीचा मांडव पडायचा, लग्नाची पंगत बसायची, बायका शेवया आणि सांडगे वाळत घालायच्या. बाग झाली तेव्हा गझेबोच्या आड येतात म्हणून दोन्ही चिंचा गेल्या. जांभूळ राहिलं, पण त्याच्या बुंध्यापर्यंत पेव्हर आले. विहीर बुजवली नाही, तिच्यावर स्लॅब टाकला आणि स्लॅबवर कारंजं बसवलं. ते कारंजं उद्घाटनाच्या दिवशी चाललं.

बेळगावला एके काळी गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे, जुनी माणसं अजून म्हणतात. ते काही नुसत्या उंचीमुळं नव्हतं. आजही गोगटे सर्कलवरून कॅम्पात शिरा, दोन मिनिटात अंगावरचं ऊन उतरतं, कारण तिथं रस्त्याच्या दोन्ही अंगाला जुनी झाडं आहेत आणि झाडांच्या बुडाशी माती आहे. टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोत पहाटे जाऊन बघा केवढी माणसं असतात. तिथं त्यांना काय मिळतं? उंच झाडं, मातीची वाट, पाखरं. फायबरचं हरीण बघायला कुणी पहाटे पाचला उठत नाही. एवढ्या शहरभरच्या माणसांनी पायानं दिलेलं मत आपल्यासमोर आहे, तरी आपण गल्लीतल्या जागेत फरशीच घालतो.

झाडाच्या बुडाला फरशी घालणं म्हणजे त्याच्या नाकातोंडावर उशी दाबणं. मुळांना हवा लागते, पाणी लागतं. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ साली दिल्लीसाठी सांगितलं होतं की झाडाभोवतीचं निदान एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा. एक मीटर हे कमीत कमी, जांभळासारख्या झाडाला त्याच्या फांद्या जिथवर जातात तिथवर माती मोकळी मिळाली तर उत्तम. आमच्या जांभळानं गेल्या दोन वर्षात स्वतःच काही ब्लॉक वर उचलून टाकलेत, त्या फटीत मुंगळ्यांची वारुळं झालीत. लोक म्हणतात झाडानं बागेची नासाडी केली.

आणि लावतात काय? रॉयल पाम, ज्याची सावली खांबाएवढी. कोनोकार्पस, कारण तो झपाट्यानं वाढतो. गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, परागकणांमुळं होणारा त्रास आणि लांबवर जाणारी मुळं ही कारणं देऊन. आपल्याला तो कशाला पाहिजे, आपल्या दारात खानापूरचं जंगल आहे, सह्याद्री तासाभरावर आहे. करंज घ्या, दाट सावली, कमी पाणी, काळ्या मातीतही तग धरतो. बकुळ घ्या, वर्षभर हिरवी, पसारा कमी, फुलं वेचायला पहाटे पोरी येतील. जिथं वरून वायरी गेल्यात तिथं बहावा किंवा आपटा. पाणथळ कोपऱ्याला ताम्हण. मोठी जागा असली तर एक नांद्रुक किंवा वड, त्याला पार बांधायचा. गुलमोहर दिसायला देखणा आहे पण त्याचं लाकूड ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात फांदी कुणाच्या डोक्यावर येईल सांगता येत नाही, झोपाळ्यावर तर तो नकोच. आणि एक माझ्या मनातली गोष्ट, आपल्या गावाचं जुनं नाव वेणुग्राम, वेळूचं गाव, आणि एका तरी सार्वजनिक बागेत पोरांना वेळूचं बेट दाखवता यावं असं मला फार वाटतं.

कुणी म्हणेल, झाडं मोठी व्हायला वीस वर्षं लागतात. लागतात. म्हणून तर आहे ती चिंच तोडायची नसते. कर्नाटकात झाडं राखायचा कायदा १९७६ पासून आहे, वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, पण बागेच्या कामातच झाड जातंय म्हटल्यावर कुणी विचारत नाही, सगळ्यांना वाटतं आता हिरवळच येणार आहे. नकाशा काढायच्या आधी असलेलं झाड कागदावर मांडायचं आणि गझेबो त्याला चुकवून घ्यायचा. खरं तर झाडाखाली गझेबो लागतच नाही.

आता लॉन. उन्हाळ्यात एका चौरस मीटर लॉनला दिवसाला चार-पाच लिटर पाणी लागतं. आमच्या इथलं लॉन पाच गुंठे धरा, पाचशे चौरस मीटर, म्हणजे दिवसाला दोन-अडीच हजार लिटर, दर दोन दिवसाला एक टँकर. हे त्या गावात, जिथं मे महिना आला की राकसकोप जलाशयाची पातळी किती फुटावर आली ते पेपरात रोज वाचतो आणि गल्लीत घागरीची रांग लागते. लोकांना नळाला पाणी नसताना गवतावर पाईप सोडायचा हे बघवत नाही. आणि त्या गवतावर बसूही देत नाहीत! हरळी मात्र कुणी न लावता येते, उन्हाळ्यात करपते, मृगाचे चार थेंब पडले की आठ दिवसात परत हिरवी. पोरं नाचली तरी मरत नाही. तिला लॉन म्हणत नाहीत एवढंच तिचं चुकलं.

पाण्याचा दुसरा हिशेब पावसाळ्याचा. बेळगावात वर्षाला बाराशे मिलीमीटर पाऊस धरला तर बारा गुंठ्यांवर साडेचौदा लाख लिटर पाणी पडतं, पाच हजारवाले जवळजवळ तीनशे टँकर. हे पाणी कुठं जातं? आधी माती आणि विहीर मिळून थोडं तरी घ्यायची. आता पेव्हरचा उतार फाटकाकडं, फाटकातून रस्त्यावर, रस्त्यावरून गटारात, गटार तुंबलं की उंबरठ्यावरून घरात. आमच्या खालच्या अंगाला एकाच्या घरातच माग आहेत, बाग झाल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात मध्यरात्री मोटारीपर्यंत पाणी चढलं, आम्ही चार-पाच जणांनी अंधारात मोटारी सोडवून पाटावर ठेवल्या, ताण्याची सुतं भिजली ती भिजलीच. पुढचं सगळं पाणी शेवटी बळ्ळारी नाल्यात जातं आणि नाला तुंबला की वडगाव-शहापूर शिवारातलं भात बसतं, ज्या बासमतीचा वास आपण गावभर सांगतो तेच. गल्लीतल्या बागेतली फरशी आणि शिवारातलं कुजलेलं भात यांचा संबंध असा सरळ आहे, एका उताराचा.

इथं एक सांगितलं पाहिजे, नाहीतर कुणीतरी नुसता खड्डा काढून मोकळं होईल. बेळगावची माती सगळीकडं एक नाही. टिळकवाडी, कॅम्पाच्या बाजूला लाल, जांभ्याची, तिथं पाणी भराभरा मुरतं. आमच्याकडं शिवाराची काळी माती, ती पाणी पिऊन फुगते आणि मग वरून घेतच नाही, डबकं होतं, डास होतात. म्हणून काळ्या मातीच्या भागात जागा मधून हलकी खोलगट ठेवायची, पाणी तिथं दोन-चार तास थांबू द्यायचं, गाळ बसू द्यायचा आणि मग वाळू-खडीच्या गाळणीतून जुन्या विहिरीत सोडायचं. विहीर असताना दुसरं काही शोधायलाच नको. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाला, जिथं गांधीजी अध्यक्ष होते, माणसांना पाणी लागणार म्हणून टिळकवाडीत विहीर खोदली होती, ती आजही आहे. एवढा मोठा मेळा भरवायचा तर आधी पाण्याची सोय, हा त्या लोकांचा विचार. आम्ही विहिरीवर कारंजं बसवतो.

गणपती-शिवजयंतीचा मांडव, लग्न, क्रिकेट, हे सगळं बागेत नको म्हणणारे आहेत. मी म्हणतो पाहिजे, पण त्याला वेगळा तुकडा ठेवा. रस्त्याला लागून दोन-तीन गुंठे नुसता मुरूम, धुम्मस मारून बसवलेला, मांडवाच्या खांबाला कायमची भोकं करून ठेवलेली. एकदा असं केलं की दरवर्षी कुणी पेव्हर उखडत नाही. मांडव नसेल तेव्हा पोरं खेळतील. मोठ्या खेळाला लेले मैदान आहे, पण आठ वर्षाचं पोरगं एकटं रेल्वे गेट ओलांडून लेले मैदानावर जात नाही, त्याला दारातच जागा पाहिजे.

मोकळी जागा राखायला कायदा कमी पडतो असंही नाही. बागा, खेळाची मैदानं, मोकळ्या जागा राखण्यासाठी कर्नाटकाचा स्वतंत्र कायदा १९८५ चा आहे. बंगळूरमध्ये एका वस्तीतली बागेची जागा खाजगी नर्सिंग होमला दिली होती, लोक कोर्टात गेले आणि १९९१ साली सुप्रीम कोर्टानं लोकांच्या बाजूनं निकाल दिला, बागेची जागा बागेलाच राहिली. म्हणजे जागा गेली तर भांडायला आधार आहे. पण जागा असून वापरता येत नसेल तर कुठल्या कलमाखाली भांडायचं? ते आपणच गल्लीत, वॉर्डात, नगरसेवकाच्या दारात भांडायचं असतं, काम निघायच्या आधी. आपण भांडतो फलक कुठल्या भाषेत यावर. फलकावर मराठी असलीच पाहिजे, त्यासाठी मीही गेलोय, पुढंही जाईन, इथं राहणाऱ्या माणसाला आपल्या भाषेत वाचता आलं पाहिजे. पण फलक लावायच्या सहा महिने आधी नकाशा पास होतो तेव्हाही आपण तिथं असायला पाहिजे, आणि तिथं आपल्याबरोबर कन्नड बोलणाऱ्या अक्काही असायला पाहिजे, तिला लागणारं ऊन काही वेगळं नाही.

बेळगाव स्मार्ट सिटीच्या २०१६ च्या पहिल्याच यादीत आलं, तेव्हापासून गावात कामं भरपूर झाली, रस्ते खणले गेले, नवे झाले. पैसा नाही असं आता कुणी म्हणू नये. मी जे मागतोय ते उलट स्वस्त आहे. मातीला फरशीएवढा खर्च येत नाही, हरळीला टँकर लागत नाही, कट्टा ग्रिलपेक्षा जास्त टिकतो. खर्च लागतो तो माणसाला, रोज झाडणारा, आळं करणारा, पडलेली पानं विहिरीत न जाऊ देता खड्ड्यात कुजवणारा एक माळी, कायमचा, पगारी. उद्घाटनाच्या बजेटमध्ये माळी कधी नसतो, ठेकेदाराचं वर्ष संपलं की बाग पोरकी. गझेबो काढा एस्टिमेटमधून आणि त्या पैशात माळ्याचा पगार किती वर्षं निघतो ते बघा.

आमच्याकडं जरा तरी काही हललंय. आम्ही गल्लीतल्या लोकांनी, मागवाल्यांनी, शाळेतल्या दोन बाईंनी सह्या करून अर्ज दिला, चार वेळा फिरलो, आणि शेवटी गेटची एक किल्ली कोपऱ्यावरच्या फुलवाल्या मावशींकडं ठेवायला मिळाली. गेल्या महिन्यापासून त्या एकला गेट उघडतात, अडीचला लावतात. पहिल्या दिवशी कांड्या भरणाऱ्या बायका आत आल्या आणि थोडा वेळ उभ्याच राहिल्या, मग एकीनं डोक्यावरचं टॉवेल काढून फरशीवर अंथरलं, त्यावर सगळ्यांचे डबे मांडले आणि स्वतः चवड्यावर बसल्या, फरशी तापलेली म्हणून. परवा आम्ही दुसरा अर्ज दिलाय, जांभळाच्या बुडाचे ब्लॉक काढायचा, बुंध्यापासून चारी बाजूला दोन-दोन मीटर, आणि स्लॅबवरचं कारंजं हलवायचा. पावसाच्या आधी व्हायला पाहिजे. जांभळं पिकायला लागलीत.